अक्कांचं यंत्र आणि बाबांचा आलेख

ऑफिसात माझं टोपणनाव 'काढून बघू' असं आहे. कुणी आकड्यांचा तक्ता घेऊन आलं, की त्यावर चर्चा रंगायच्या आत मी तो आरमध्ये ओढते, प्लॉट असं लिहून कंसात तक्त्याचं नाव टाकते आणि एंटर दाबते. आर ही संख्याशास्त्रासाठी केलेली संगणकाची भाषा. तिला एवढं सांगितलेलं पुरतं. तक्त्यात पाच रकाने असतील तर ती पाचांच्या आपसात जोड्या लावते आणि पडद्यावर चौकटींचं जाळं उभं करते. प्रत्येक चौकटीत ठिपके. रंग नाही, शीर्षक नाही, ठिपकेही पोकळ, ताटात साबुदाणा सांडल्यासारखे. माझे सहकारी असला आलेख कुणाला दाखवायला लाजतात. ते रंग निवडतात, अक्षरांचा आकार ठरवतात, कोपऱ्यात सूची लावतात. तोवर मला निदान कुठे बघायचं ते कळलेलं असतं. बेल वाजली की आपण घरच्या गाउनवरच दार उघडतो ना, तसा हा आलेख. दाराबाहेर कोण आहे एवढं कळलं की झालं.

या सवयीचा घरात कधी उपयोग होईल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण परदेशात बाळंत होणार होती. आई तिच्याकडे गेली आणि बाबांना माझ्याकडे ठेवून गेली. 'ठेवून' हा तिचाच शब्द. बाबा नागपूरचे, वीजखात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. आईने त्यांची औषधं, त्यांच्या दोन चष्म्यांचे डबे आणि एक सूचना माझ्या स्वाधीन केली, "यांना कुठल्याही वायरीला हात लावू देऊ नकोस." रिकामपणात बाबांनी नागपूरच्या घरातली निम्मी बटणं उघडून ठेवली होती, त्याचा हा धसका.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूला, उड्डाणपुलापासून थोडं आत, एका चार मजली इमारतीत भाड्याने राहते. बाबांना बेंगळुरू पसंत पडेना.

"इथे उन्हाळा कधी येते?" त्यांनी विचारलं.

"आलाय की. हाच."

"हा?" ते गॅलरीत गेले, हात बाहेर काढून पाहिला आणि आत आले. "याला उन्हाळा म्हणून राहिले लोक? कमाल आहे बाप्पा."

सकाळी ते पुलापर्यंत फिरून यायचे, पेपर वाचायचे, डाळीला फोडणी घालून ठेवायचे, आणि तरी मी ऑफिसला निघेपर्यंत त्यांचा दिवस संपलेला असायचा. संध्याकाळी मी आले की ते अगदी साधं विचारायचे, "कोणी भेटलं का?" त्यांना स्वतःला कोणी भेटलेलं नसायचं, म्हणून.

एका संध्याकाळी घरी आले तर बाबा घरात नाहीत. फोन टेबलावर. मी घाबरून दार उघडते तो समोरच्या फ्लॅटमधून त्यांचं हसणं ऐकू आलं. समोर पन्नाशीच्या एक बाई राहायच्या, त्यांच्या मुलाबरोबर. मुलगा इथल्याच एका कंपनीत होता आणि दिवसभर बाहेर. बाई होळिगे करून विकायच्या. होळिगे म्हणजे आपली पुरणपोळीच, पण पातळ, हातावर थापलेली. दोन वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो. लिफ्टमध्ये मी हसायचे, त्या हसायच्या, आणि मी त्यांच्याशी मोडकं कन्नड बोलायचे. बाबांनी एका दुपारीत शोध लावला होता, की त्या घरी मराठी बोलतात.

"ये की ग, आत ये," त्या मला म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, जेवण झालं का विचारायला मला म्हणतेस 'ऊटा आयता'. मी म्हटलं, पोरगी कन्नड शिकायलीय, शिकू दे." त्यांचं घराणं जुन्या बेंगळुरूतलं, चामराजपेटेतलं, पिढ्यान् पिढ्या तिथलं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलं होतं की शिवण दिसत नव्हती. "अण्णांना म्हटलं, स्वल्प बसा, गरम आहे, खाऊन जावा. तर म्हणतात ही पुरणपोळी नाही."

"नाहीच आहे," बाबा तोंडात घास असताना म्हणाले. "पण चांगली आहे."

तेव्हापासून त्या आमच्या अक्का झाल्या आणि बाबा त्यांचे अण्णा. नागपुरात बाबांना कुणी अण्णा म्हटलं नव्हतं. ते खूश होते. दुपारी अक्कांचा मोठा ग्राइंडर पुरण वाटायला सुरू झाला, की त्याची घरघर जिन्यात घुमायची. बाबा त्या आवाजाला 'दुपारची शिफ्ट' म्हणायचे.

याच सुमारास इमारतीत वस्तू जळायला लागल्या. आधी दुसऱ्या मजल्यावरचा फ्रिज बंद पडला. मग आमचा राउटर. मग तळमजल्यावर राहणाऱ्या असोसिएशनच्या सेक्रेटरींचा नवा टीव्ही. हे सेक्रेटरी एका कारखान्यात मॅनेजर, पन्नाशीतले, कामाला वाघ, आणि इमारत म्हणजे आपली दुसरी फॅक्टरी असं मानणारे. अक्कांचाही मिक्सर जळाला होता, पण त्या गप्प बसल्या. ग्रुपवर मेसेज आला, की इमारतीत कुणीतरी जड यंत्र चालवत आहे, त्याने व्होल्टेज बिघडतं. नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, घरघर सगळ्यांना ऐकू यायची.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बैठक झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी आमच्याशी हिंदीत बोलायचे, बाकीच्यांशी कन्नडमध्ये, आणि रागावले की इंग्रजीत. त्या दिवशी इंग्रजीपासूनच सुरुवात झाली. राहत्या घरात धंद्याचं यंत्र चालणार नाही, ते उद्यापासून बंद, असं त्यांनी सांगून टाकलं.

अक्का मागच्या खुर्चीवर पदर खांद्यावर घेऊन बसल्या होत्या. त्या कन्नडमध्ये हळू आवाजात म्हणाल्या, "लग्नाच्या ऑर्डरी घेतल्यात. शब्द दिलाय."

शेजारच्या खुर्चीवर हालचाल झाली म्हणून पाहिलं, तर बाबा उभे राहत होते. मी त्यांचा सदरा धरला. तो सुटला.

"देखिए साहब," बाबा त्यांच्या नागपुरी हिंदीत म्हणाले, "मेरी पूरी नोकरी बिजली में गई है. ग्राइंडरसे टीव्ही नहीं जलता. ये बाहर का फॉल्ट है. ट्रान्सफॉर्मर का. लिखके देता हूँ."

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "अंकल, आम्ही वीज कंपनीला दोनदा बोलावलं. बाहेरचा पुरवठा ठीक आहे म्हणाले. तुमच्याकडे काही पुरावा आहे?"

"देतो," बाबा म्हणाले. "एक आठवडा द्या. पण यंत्र अर्धा आठवडा बंद ठेवा, अर्धा आठवडा चालू. बंदच ठेवलं तर कळणार कसं, की दोष कोणाचा?"

हे म्हणणं मॅनेजर माणसाला पटलं. त्यांनी आठवडा दिला. अक्कांनी लगेच विचारलं, "चालू कधी?" आणि ऑर्डरीचे दिवस बघून दुसरा अर्धा पदरात पाडून घेतला.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, पुरावा कुठून आणणार?"

"ते तू पाहा न," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटर तुझ्याकडे आहे."

इमारतीत वीज कशी येते हे मला तेव्हा बाबांनी जेवणाच्या टेबलावर तीन चमचे मांडून समजावलं. ती तीन तारांनी येते, त्यांना फेज म्हणतात; लाल, पिवळी आणि निळी. काही घरं लाल तारेवर, काही पिवळीवर, काही निळीवर. चौथी तार परतीची. तिला न्यूट्रल म्हणायचं, ती सगळ्यांची सामाईक. त्या चौथ्या तारेसाठी बाबांनी लाटणं ठेवलं होतं.

"बाहेर बिघाड असला तर तिन्ही चमचे एकदम खाली-वर होतील," ते म्हणाले. "अक्कांच्या यंत्राने होत असलं तर फक्त त्यांचा एक चमचा खाली जाईल. तू फक्त मोजून दे."

मी व्होल्टेज मोजणारे तीन प्लग मागवले. ते भिंतीत खोचायचे, ते आपोआप नोंद करत राहतात आणि नंतर मोबाईलवरून सगळा तक्ता उतरवून घेता येतो. मीटरच्या खोलीत प्रत्येक मीटरला रंगीत पट्टी होती, त्यावरून बाबांनी घरं निवडली. आम्ही लाल फेजवर, अक्का पिवळ्या, आणि निळ्या फेजवर नेमके सेक्रेटरी. बाबा स्वतः त्यांच्याकडे प्लग घेऊन गेले. मला वाटलं नकार येईल. पण सेक्रेटरींनी चहा पाजला, प्लग नव्या टीव्हीच्या मागे लावला आणि वर विचारलं, "अंकल, तुमच्या काळात हे कसं मोजायचे?" बाबा तासाभराने परत आले.

मधल्या दिवसांत मी ऑफिसातून आले की बाबा माझ्या लॅपटॉपसमोर जाऊन बसायचे. त्यांना आर शिकायचं होतं. शाळेतल्यासारखे ते एकेक अक्षर एका बोटाने टाइप करायचे. एकदा एरर आली तर दोन्ही हात वर करून मागे सरकले, जणू झटका बसला.

"स्वल्पविराम राहिला," मी म्हटलं.

समोरून काहीतरी द्यायला आलेल्या अक्का दारातूनच म्हणाल्या, "काय स्वल्प राहिलं?"

"विराम," बाबा म्हणाले, आणि दोघं बराच वेळ हसत होते.

शनिवारी सकाळी मी तिन्ही प्लगांचे तक्ते उतरवले आणि वेळ जुळवून एक मोठा तक्ता केला. वेळ, लाल, पिवळा, निळा, असे रकाने. हजारो ओळी. बाबांनी जवळचा चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बोट पडद्यावर ठेवून, ओळ संपली की पुढची. "दोनशे एकतीस, दोनशे अठ्ठावीस, दोनशे बत्तीस..." सरकारी नोकरीत लॉगशीट अशीच वाचायची असते म्हणाले. मी चहा केला, तो पिऊन झाला, तरी ते पहिल्याच सकाळीत होते.

"बाबा, एकदा काढून बघू ना."

"थांब न. आधी समजून तर घेऊ."

"काढल्यावरच समजेल."

त्यांनी खुर्ची सरकवली. मी प्लॉट लिहिलं, कंसात तक्ता, एंटर.

पहिलंच जाळं हास्यास्पद आलं. प्लगच्या कंपनीने तक्त्यात अनुक्रमांकाचा रकाना घातला होता, तो मी काढायचा विसरले होते. त्यामुळे पहिल्या चौकटीत एक झकास चढती रेघ. बाबा पुढे झुकले. "वा! हे काय चढून राहिलं?"

"अनुक्रमांक. वेळेबरोबर वाढतोय."

"बरोबर आहे. तो वाढणारच."

बाकीच्या चौकटींत सगळे ठिपके एका कोपऱ्यात गोळा झाले होते आणि काही एकटे पार खाली, शून्यावर. बाबा लगेच म्हणाले, की बघ, वीज गेली होती. पण वीज गेलेली नव्हती. वायफाय तुटलं की प्लग शून्य लिहीत होता. मी अनुक्रमांक काढला, शून्याच्या ओळी गाळल्या आणि पुन्हा एंटर दाबलं.

या खेपेला जाळं नीट उलगडलं. लाल आणि पिवळ्या फेजच्या चौकटीत ठिपक्यांचा एक लांबट पट्टा होता. तो डावीकडे वर सुरू होत होता आणि उजवीकडे खाली उतरत होता.

मी ऑफिसात असे पट्टे रोज बघते. एक वाढलं की दुसरं कमी, एवढाच त्याचा अर्थ. "बाबा, हे एकदम खाली-वर होत नाहीयेत. उलटं चाललंय. लाल पडलं की पिवळं चढतंय."

बाबांनी जवळचा चष्मा काढला, लांबचा लावला, आणि खुर्ची मागे घेऊन भिंतीवरचं चित्र बघावं तसं पडद्याकडे बघत राहिले.

"निळ्याचं काय?"

"तेही तसंच. लाल पडलं की चढतं."

"आणि वेळ?"

वेळेच्या चौकटीत रोज सकाळी ठिपके केरसुणीसारखे पसरत होते, काही खाली, काही वर पार दोनशे सत्तरपर्यंत. अक्कांचं यंत्र चालायचं दुपारी. दुपारीही थोडे पसरत होते, पण सकाळच्या मानाने काहीच नाही. आणि यंत्र बंद होतं त्या दिवसांच्या सकाळीही केरसुणी तशीच.

"सकाळी काय असते?" बाबांनी स्वतःलाच विचारलं. "आंघोळी. गीझर." मग ते हळूच म्हणाले, "मी चुकलो. बाहेरचं नाहीच आहे."

त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं. उलट तो उजळला होता. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि लाटणं घेऊन आले.

"हे ढिलं आहे," लाटणं हलवत ते म्हणाले. "न्यूट्रल. परतीची वाट. ती पक्की असते तोवर ज्याचं त्याला मिळते. ती सुटली, की पंगतीत एकाच्या पानात कमी आणि शेजारच्याच्या पानात धो धो. एका फेजवर गीझर लागले की तिचा दाब पडते, आणि दुसऱ्या दोघींचा चढते. वस्तू चढलेल्या दाबाने जळून राहिल्या. मी रोज तीन आकडे वेगवेगळे वाचून राहिलो होतो, हे मला तसं दिसलंच नसतं." मग त्यांचा आवाज बदलला. "पण हे वाईट आहे पोरी. आज टीव्ही जळते, उद्या पॅनेल पेटेल. उद्याच्या बैठकीची वाट नाही पाहायची. चल."

"आत्ता? तुम्ही आंघोळ तरी—"

"कोणाला आंघोळी करू द्यायच्या नाहीत, म्हणूनच आत्ता."

ते तसेच घरच्या लेंग्यावर खाली गेले, मी लॅपटॉप उघडाच धरून त्यांच्या मागे. सेक्रेटरी दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण असतानाच त्यांनी आलेख पाहिला. बाबांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं, "ये आपका, ये हमारा. हमारा गिरा, आपका चढा." सेक्रेटरी कारखान्यातले होते. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. तोंड पुसत त्यांनी इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

इलेक्ट्रिशियन आमच्याच गल्लीतला, चाळिशीतला, फक्त कन्नड बोलणारा. त्याने आल्याआल्या तिन्ही फेज टेस्टरने तपासल्या आणि सगळं ठीक आहे असं खुणेने सांगितलं. बाबांना कन्नड येत नव्हतं, त्याला हिंदी जेमतेम, आणि सेक्रेटरी गीझर बंद करा म्हणून मजल्यामजल्यावर सांगत फिरत होते. म्हणून बाबांनी अक्कांना बोलावलं. त्या पिठाच्या हातानेच खाली आल्या.

"त्याला सांगा, आधी मेन बंद. मग न्यूट्रलचा जोड बघ."

अक्का बरंच काही बोलल्या. इलेक्ट्रिशियन मान हलवत राहिला.

"मी एवढं बोललो नव्हतो," बाबा म्हणाले.

"तुमचं तेवढंच सांगितलं. बाकी माझं. म्हटलं, घरी लेकरं आहेत तुझी, जपून कर."

मेन बंद झाला. पॅनेलचं झाकण निघालं आणि जळक्या रबराचा वास आला. बाबा हात मागे बांधून उभे होते. आईची सूचना ते पाळत होते, पण मान इतकी पुढे गेली होती, की मला त्यांना मागे ओढावं लागलं. परतीच्या जाड तारेचं टोक कोळशासारखं काळं पडलं होतं. इलेक्ट्रिशियनने पाना लावला तर बोल्ट बोटाने फिरावा तसा फिरला. त्याने शीळ घातली. मग बाबांकडे वळून म्हणाला, "सर, सूपर." त्याचं भाषांतर अक्कांनी केलं नाही.

जळकं टोक कापून, नवं बसवून, बोल्ट आवळून व्हायला दुपार झाली. तोवर सगळी इमारत बिनआंघोळीची पार्किंगमध्ये उभी होती. कुणीतरी इडल्या आणल्या. वीज आल्यावर आम्ही प्लग तसेच ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांचे गीझर लागून गेल्यावर, मी पुन्हा आलेख काढला. उतरता पट्टा गेला होता. ठिपके एका लहानशा, गच्च पुंजक्यात बसले होते.

"चिमणीच्या घरट्याएवढं आहे," बाबा समाधानाने म्हणाले. "पण अक्षांना नावं कुठे आहेत? आमच्या मास्तरांनी वही भिरकावली असती. नावं घाल. आज सगळ्यांना दाखवायचं आहे."

मी पहिल्यांदाच माझ्या घरगुती आलेखाला नीट कपडे घातले. आडव्या अक्षाला नाव, उभ्या अक्षाला नाव, वर शीर्षक. बाबांनी रंगही मागितले. ते मी त्यांनाच निवडायला लावले.

बैठकीत बाबा उभे राहिले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "मैंने कहा था बाहर का फॉल्ट है. वो गलत निकला." त्यांनी ते असं सांगितलं, जणू चांगली बातमी आहे. मग लॅपटॉप फिरवून सगळ्यांना आधीचा आलेख दाखवला, नंतरचा दाखवला, पंगतीचं उदाहरण दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, की विषय संपला, सर्वांचे आभार, आता पुढचा मुद्दा पाण्याच्या टाकीचा.

"स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या. मागच्या रविवारसारखा आवाज हळू नव्हता. आधी कन्नडमध्ये बोलल्या, मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत. "माझं यंत्र आवाज करतं, म्हणून सगळ्यांनी माझं नाव घेतलं. गीझरचा आवाज येत नाही. मी आठवडाभर जिन्यातून जाताना खाली मान घालून गेले. विषय संपला म्हणता, माझा संपला नाही."

मला स्वतःला लाज वाटली. पहिल्या बैठकीत मी बाबांचा सदरा धरला होता, अक्कांच्या बाजूने एक शब्द बोलले नव्हते. सेक्रेटरींनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. ते अक्कांजवळ गेले आणि कन्नडमध्ये थोडंसं बोलले. मला त्यातलं 'तप्पायतु' एवढं कळलं, म्हणजे चूक झाली. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सरी." म्हणजे ठीक आहे. त्या बसल्यावर पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

आठवडाभरात पलीकडच्या इमारतीतून दोन माणसं बाबांना विचारत आली. त्यांच्याकडेही दिवे मधूनच भगभगतात म्हणाली. बाबा तीन प्लग पिशवीत घालून निघाले आणि दुभाषी म्हणून अक्का. त्या जाताना होळिगेची दोन पाकिटं घेऊन गेल्या, आणि येताना चार घरांच्या ऑर्डरी घेऊन आल्या. त्या इमारतीत दोष वेगळा होता, तिथे तिन्ही फेज खरंच एकदम खाली-वर होत होत्या. या वेळी तो ट्रान्सफॉर्मरच निघाला. बाबा घरी आले ते गाणं गुणगुणतच.

"बाहेरचा फॉल्ट होता," ते मला म्हणाले. "मी म्हणतच होतो. फक्त इमारत चुकली."

आता ते एंटर माझ्याआधी दाबतात. अक्षांची नावं मात्र अजून आधी लिहून ठेवतात.